ओढ्याच्या पाण्यावर राखण ठेवायला शिंपले चालतील का?

खाडीकाठी (१४ जून, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या वरच्या अंगाला. डोक्यावर एमआयडीसी, मधून एक पऱ्या (ओढा) येतो तो आमच्या वाडीवरून खाली खाडीला मिळतो. दर पावसाळ्यात दोन-तीनदा ठरलेलं, रात्री मोठी सर येते आणि सकाळी डोहात मासे पांढरी पोटं वर करून. मग प्रदूषण मंडळाला फोन. साहेब त्याच दिवशी दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी येणार, तोवर पाणी वाहून निवळशंख, ते बाटली भरून नेणार आणि महिन्याभराने कागद येणार की सगळं मर्यादेत आहे. खोटं तरी कसं म्हणू, त्या बाटलीतलं पाणी खरंच मर्यादेत असतं!

परवा वाचलं की पोलंडमध्ये पोझनान आणि वॉर्सा शहरांच्या पाणीपुरवठ्यात जिवंत शिंपले नोकरीला आहेत. एका वेळी आठ. शिंपल्याच्या एका झडपेला लोहचुंबक चिकटवलेलं, शेजारी सेन्सर. पाणी चांगलं असलं की शिंपला तोंड किंचित उघडं ठेवून पाणी गाळत बसतो, पाण्यात काही वाईट आलं की मिटतो. एखादा मिटला तर ठीक, त्याची मर्जी, पण बरेचसे एकदम मिटले की अलार्म. साधारण तीन महिन्यांनी त्यांना पाण्याची सवय होते म्हणून निवृत्त करून तळ्यात परत सोडतात.

तर प्रश्न असा की गावपातळीवर, दोन-पाच हजारांत, असलं काही जमेल का? शिंपले, मासे, बेडूक, काहीही. चोवीस तास पाण्यात बसून राहणारा कोणीतरी हवाय, मला शक्य नाही, मला दम्याचा त्रास आहे.

तिरकस (१४ जून, रात्री ११:४१)

शिंपले पाण्याची राखण करतील, पण शिंपल्यांची कोण करणार? आमच्याकडे ठेवले तर दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांचं सुकं आणि भाकरी. हलके घ्या.

देवगडची_पोर (१५ जून, सकाळी ७:०५)

तिसऱ्या खाडीत मिळतात हो, खाऱ्या पाण्यात. धागाकर्ते पऱ्याबद्दल बोलतायत, तिथले गोड्या पाण्यातले शिंपले वेगळे. ते खाल्लेत तर चिखलाची चव येईल आणि सेन्सर पोटात जाईल.

बाकी प्रश्न भारी आहे. वाचतेय.

ईटीपीवाला (१५ जून, दुपारी १:३०)

एकोणीस वर्षं सांडपाणी प्रक्रियेत (ईटीपी) काढली, त्यातली अकरा सामायिक प्लांटवर, म्हणजे ज्याच्याकडे शंभर कारखान्यांचं पाणी येतं तो. नाव गाव विचारू नका.

तुम्ही म्हणताय ती वस्तू प्रत्येक प्लांटवर आधीच आहे, फक्त तिला कोणी सेन्सर म्हणत नाही. ॲरेशन टाकी, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतो ती. त्यात आम्ही जे पाळतो ते जिवाणूच. रोज सकाळी एक लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी भरायचं, अर्धा तास हलवायचं नाही, गाळ किती खाली बसला ते बघायचं. चांगल्या दिवशी बदामी रंगाचा गाळ जाड दही लागावं तसा एकसंध बसतो, वर पाणी स्वच्छ. रात्री कोणी गपचूप टँकर सोडला असेल तर सकाळी गाळ काळपट, वरचं पाणी गढूळ, त्यात बारीक कण तरंगतायत, टाकीवर पांढरा फेस. मीटरचा आकडा यायच्या आधी ऑपरेटरला कळलेलं असतं.

आणि मायक्रोस्कोप असेल तर अजून मजा. गाळाच्या थेंबात घंटेच्या आकाराचे एकपेशीय जीव दिसतात, व्होर्टिसेला, देठावर उभे. देठ स्प्रिंगसारखा आखडतो, सुटतो, कडेचे केस भिरभिरत असतात, तासभर बघत बसावं. विषारी लोड आला की पहिले हे बसतात. केस थांबतात, घंटा देठावरून गळून पडते, नुसते देठ उरतात, कापणीनंतरच्या शेतासारखे. असं दिसलं की समजायचं, आता दोन दिवसांत टाकी बसणार. मग जिवाणू परत उभे करायला शेण घाला, गूळ घाला, युरिया-डीएपी घाला, दुसऱ्या प्लांटवरून गाळ आणा. मी स्वतः रात्री अडीच वाजता गोठ्यात शेण मागायला गेलोय, गोठेवाल्याला वाटलं पिऊन आलाय.

आता मुद्दा. २०१४ पासून मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांच्या सतरा प्रकारांना ऑनलाइन मीटर सक्तीचे झाले. पीएच (आम्लता), सीओडी आणि बीओडी (पाण्यातली घाण किती प्राणवायू खाईल तो आकडा), टीएसएस (तरंगते कण) वगैरे. चांगलंच झालं. पण मीटर तेवढंच सांगतं जेवढं त्याला विचारलंय. सीओडी १८०, म्हणजे मर्यादेत, दाखवत असताना मासे मरू शकतात, कारण मासा सीओडीने मरत नाही, त्यात जे काय कीटकनाशकाचं इंटरमीडिएट (बनवताना मधे तयार होणारं रसायन) आहे त्याने मरतो आणि त्याचा मीटर कोणी लावलेला नसतो.

कोल्हापुरी_मिरची (१५ जून, दुपारी २:१५)

ईटीपीवाले, दंडवत घ्या. शेणाचा किस्सा वेगळा धागा मागतोय.

सूक्ष्मजीवी (१५ जून, रात्री ९:५०)

पुण्यात प्रयोगशाळेत काम करते, हा माझा रोजचा विषय नाही पण शेजारच्या टेबलावरचा आहे, म्हणून थोडं लिहिते.

जिवंत सेन्सरचे ढोबळ दोन प्रकार समजा. पहिला, "काहीतरी बिनसलंय" एवढंच सांगणारा. शिंपले, मासे, ईटीपीवाल्यांचा गाळ, सगळे यातले. यातलाच प्रयोगशाळेतला लाडका म्हणजे अलिव्हिब्रिओ फिशेरी नावाचा समुद्री जिवाणू, जो आपोआप निळसर-हिरवा चमकतो. चमकणं त्याच्या श्वसनाशी बांधलेलं असतं, त्यामुळे विष लागलं की उजेड कमी होतो. पाण्याचा नमुना मिसळायचा, पाच, पंधरा, तीस मिनिटांनी उजेड मोजायचा. उजेड निम्म्यावर यायला नमुना किती तीव्र लागतो त्यावरून विषारीपणा ठरतो. याला आयएसओचं मानकही आहे. माशाला चार दिवस लागतात तिथे हा अर्ध्या तासात उत्तर देतो.

दुसरा प्रकार म्हणजे नाव घेऊन सांगणारा. २००६ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आयजेम या जैवअभियांत्रिकी स्पर्धेसाठी ई. कोलाय जिवाणूत फेरफार करून आर्सेनिक ओळखणारा सेन्सर मांडला होता. आर्सेनिक दिसलं की जिवाणू आजूबाजूच्या पाण्याचा पीएच बदलतो, म्हणजे साध्या रंगाने कळावं. डोक्यात बांगलादेशच्या आर्सेनिकवाल्या विहिरी होत्या. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे आणि तेवढं बारीक मोजणं साध्या किटला जड जातं. ई. कोलायकडे आर्सेनिक ओळखून बाहेर ढकलण्याची यंत्रणा निसर्गतःच असते, आपण फक्त तिच्या टोकाला घंटा बांधायची. पण जनुक बदललेला जिवाणू गावोगाव वाटायचा म्हटलं की परवानग्या, तो बाहेर निसटला तर काय, गोठवून सुकवलेला माल उन्हात किती टिकेल, इथे गाडी अडते.

धागाकर्त्यांना पहिला प्रकारच हवाय. पण मग "काय होतं पाण्यात?" या प्रश्नाला शिंपला उत्तर देणार नाही, हे आधीच धरून चाला.

यंत्रमागवाला (१५ जून, रात्री १०:२२)

ताई एक शंका. इचलकरंजीचा आहे. डाईंगच्या पाण्यात तो चमकणारा जिवाणू घातला आणि पाणीच गडद निळं असलं तर उजेड विषाने कमी झाला का रंगाने झाकला हे कसं कळणार?

सूक्ष्मजीवी (१५ जून, रात्री १०:४०)

अगदी नेमकं पकडलंत! रंगीत आणि गढूळ नमुन्यात तीच अडचण येते, रंगाची वेगळी दुरुस्ती करावी लागते. शिवाय तो समुद्राचा प्राणी, त्यामुळे नमुन्यात आधी दोन टक्के मीठ घालावं लागतं आणि तापमान १५ अंश. म्हणजे पंचगंगेचं पाणी आधी खारट करायचं, मग गार करायचं, मग त्याला विचारायचं कसं वाटतंय.

तिरकस (१५ जून, रात्री १०:४४)

एवढे लाड जावयाचे पण होत नाहीत.

ऱ्हाईनकाठची (१६ जून, पहाटे ३:१०)

स्वित्झर्लंडच्या बाझेलजवळ राहते, इथे अजून रात्रीच आहे. इथला संदर्भ सांगते कारण युरोपला ही अक्कल आपोआप आलेली नाही.

१ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे श्वाइत्सरहाले इथे सँडोज कंपनीच्या केमिकल गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन सरळ ऱ्हाईनमध्ये. नदी लाल झाली होती, रंगही होता त्यात. ईल मासे, म्हणजे आपल्या अहेर-वामसारखे लांबडे, शेकडो किलोमीटर खालपर्यंत मरून पडले. खालच्या देशांचं पिण्याचं पाणी याच नदीचं. त्यानंतर नदीवरची पहारा-स्टेशनं वाढली, वाइल आम ऱ्हाईनचं स्टेशन जर्मन आणि स्विस मिळून चालवतात, आणि खाली काही ठिकाणी रसायनांच्या मशीनच्या जोडीला डाफ्निया ठेवल्या.

डाफ्निया म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचा पाणपिसू. काचेसारखा पारदर्शक, सूक्ष्मदर्शकाखाली पाठीकडे हृदय धडधडताना दिसतं. नदीचं पाणी छोट्या कुपीतून सतत वाहतं आणि कॅमेरा त्यांच्या पोहण्यावर नजर ठेवतो. वेग बदलला, गिरक्या घ्यायला लागल्या, तळाशी बसल्या की कॉम्प्युटर कळवतो आणि त्या क्षणाचं पाणी आपोआप बाटलीत भरून ठेवलं जातं.

हे शेवटचं वाक्य खाडीकाठींसाठी. तुमचा रोग पाणी ओळखण्याचा नाहीच, तुमचा रोग बाटली उशिरा भरली जाते हा आहे.

निवृत्त_गुरुजी (१६ जून, सकाळी ८:३०)

सर्वांचे प्रतिसाद वाचले. थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

मी संगमेश्वर तालुक्यात तीस वर्षं शिकवलं. मासे मेले की एमआयडीसी, हे समीकरण दर वेळी बरोबर नसतं. पहिल्या मोठ्या पावसात उन्हाळाभर कुजलेला पालापाचोळा आणि गाळ ढवळून पाण्यात येतो, प्राणवायू एकदम खाली जातो, मासे गुदमरतात. पहाटे तर प्राणवायू तसाही सर्वांत कमी. दुसरं म्हणजे आपलेच लोक. पूर्वी रामेठा ठेचून, गेळफळं कुटून डोहात टाकायचे, मासे गुंगून वर आले की वेचायचे. आता तेवढा दम कोणाला नाही, फवारणीच्या औषधाची बाटलीच ओततात. तुमचा शिंपला या तिघांत फरक करील काय?

खाडीकाठी (१६ जून, सकाळी ९:१२)

गुरुजी, आदर राखून बोलतो, पण हे आम्ही पंधरा वर्षं ऐकतोय. पालापाचोळा सगळ्या पऱ्यांत असतो. शेजारच्या वाडीचा पऱ्या, ज्याच्या डोक्यावर कारखाना नाही, त्यातले मासे का मरत नाहीत? आणि पालापाचोळ्याला नेलपॉलिशसारखा वास येतो का? खाडीतले निवटे (चिखलातले मासे) चिखलातून बाहेर येऊन झाडाच्या मुळांवर चढून बसलेले मी बघितलेत. निवटा चिखल सोडून वर चढतो म्हणजे खाली काय असेल!

निवृत्त_गुरुजी (१६ जून, सकाळी ९:५०)

निवटा एरवीही चढतो. पण शेजारच्या पऱ्याचा मुद्दा मान्य. किंबहुना तोच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, तो धाग्यात आधी का लिहिला नाहीत? तुलना ठेवा. दोन्ही पऱ्यांत एकाच दिवशी एकच प्रयोग.

अनघा_एस (१६ जून, दुपारी १२:०५)

माझ्या एकटीलाच खटकतंय का? पाणी विषारी आहे का हे बघायला जिवंत प्राणी त्यात ठेवायचा आणि मेला की आपल्याला कळलं.

पक्षीवेडा (१६ जून, दुपारी १:१८)

अनघाताई, एकट्या नाही. कोळशाच्या खाणीतल्या कॅनरीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, की विषारी वायू कळावा म्हणून जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने सुचवलं आणि ब्रिटनमध्ये १९८६ पर्यंत खाणीत पक्षी नेत होते. पण एक तपशील क्वचित सांगितला जातो. पिंजऱ्याचा एक प्रकार असा होता की वर हँडलच्या जागी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. पक्षी कार्बन मोनॉक्साइडने लुढकला की दार बंद करायचं, सिलिंडर सोडायचा, पक्षी परत उठायचा. मँचेस्टरच्या संग्रहालयात असा पिंजरा आहे. खाणकामगार त्या पक्ष्यांशी शीळ घालून बोलायचे म्हणतात.

आणि १९९५ मध्ये टोकियोच्या सारिन विषवायू हल्ल्यानंतर तो करणाऱ्या ओम शिन्रिक्यो पंथाच्या अड्ड्यावर जपानी पोलीस गेले, तेव्हा गॅसमास्कवाल्या पोलिसांच्या हातात कॅनरीचे पिंजरे होते. ही काही फार जुनी गोष्ट नाही.

न सांगता, न विचारता जे सेन्सर झाले त्यांचं काय? जपानच्या मिनामाटात पाऱ्याच्या विषबाधेने माणसांचा आजार नोंदवला गेला १९५६ ला, त्याआधीच मासे खाणारी मांजरं नाचल्यासारखी झटके देऊन मरत होती. आपली गिधाडं घ्या. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या मेलेल्या गुरांवर जगत होती, नव्वद टक्क्यांहून जास्त संपली, मग २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तिथे सिलिंडर कोणी धरला नाही.

गोडा_मसाला (१६ जून, संध्याकाळी ६:३०)

रच्याकने (बाय द वे), दगडफूलही यातच येतं ना? कॉलेजात शिकल्याचं आठवतंय की दगडफूल म्हणजे लायकेन आणि ते शहराच्या हवेत टिकत नाही.

सूक्ष्मजीवी (१६ जून, संध्याकाळी ७:०२)

हो! बुरशी आणि शैवालाचा संसार. मुळं नाहीत, सालीसारखं आवरण नाही, जे काय घ्यायचं ते हवेतून आणि पावसातून, त्यामुळे सल्फर डायऑक्साइड त्यांना फार लागतो. विल्यम न्यूलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने १८६६ मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतली लायकेन नाहीशी होतायत असं लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संस्थेत लायकेनवर बरंच काम झालंय.

गोडा_मसाला (१६ जून, संध्याकाळी ७:१०)

म्हणजे हवेतलं सगळं शोषून घेणारा सेन्सर आम्ही तेलात तळून, कुटून आमटीत घालतोय!!

तिरकस (१६ जून, संध्याकाळी ७:११)

म्हणूनच काकूंच्या आमटीत भूतकाळाची चव लागते.

काळा_कोट (१७ जून, रात्री १०:००)

धागा मसाल्यात जायच्या आधी कायद्याचं बोलून घेतो.

एक, जिवंत माशाची चाचणी आपल्या नियमांत आधीपासून आहे. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांत स्पष्ट लिहिलंय, १०० टक्के सांडपाण्यात, म्हणजे पाणी न मिसळता, ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. कारखान्याच्या संमतीपत्रात ही अट आहे का बघा, आणि मागच्या दोन वर्षांचे बायोअसे (याच चाचणीचे) रिपोर्ट माहिती अधिकारात मागा.

दोन, तुम्ही भरलेली बाटली कोर्टात पुरावा म्हणून उभी राहणार नाही. १९७४ च्या जल कायद्याचं कलम २१ वाचा. नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखानदाराला नोटीस देऊन, दोन भाग करून, सील करून घ्यायचा असतो. तुमची बाटली आणि तुमचे मासे हे फक्त अधिकाऱ्याला वेळेवर उठवायला.

ईटीपीवाला (१७ जून, रात्री १०:३५)

काळा कोटांना +१. भर एवढीच की रिपोर्ट आला की कोणता मासा वापरला ते बघा. गप्पी असेल तर हसून बाजूला ठेवा, गप्पी गटारात जन्मतो, गटारात नांदतो, त्याला काही होत नाही. झेब्रा मासा पाहिजे.

आणि खाडीकाठी, तुमच्यासाठी स्वस्तातला मार्ग. शिंपला-चुंबकाच्या नादी लागू नका, शेवाळ धरतं, वायर उंदीर खातात. काठावर उंचावर दोन प्लॅस्टिकचे टब, एकात पऱ्याचं पाणी बारीक पाइपने सतत वाहतं ठेवा, दुसऱ्यात चांगलं पाणी. दोन्हीत दहा-दहा झेब्रा, अक्वेरियमच्या दुकानात मिळतात. दोन्हीत हवेचा पंप लावा म्हणजे गुरुजींचा प्राणवायूचा मुद्दा आपोआप निकालात. वर जुना मोबाइल कॅमेरा चालू करून ठेवा. मासे मरायची वाट बघायची नाही, तोंड वर काढून हापकायला लागले, भिंतीला धडका द्यायला लागले की लगेच बाटली भरायची आणि फोन. उरलेले मासे दुसऱ्या टबात टाका, अनघाताईंचा सिलिंडर समजा.

खाडीकाठी (९ जुलै, रात्री ८:४५)

मंडळी, धागा वर काढतोय. टब लावले. २ जुलैला रात्री पाऊस झाला, ३ ला पहाटे पाच वाजता मोबाइलवर बघतो तर एका टबातले मासे वेड्यासारखे फिरतायत, दोन आडवे. तसाच टॉर्च घेऊन, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात पंप (तो दम्याचा), धावत गेलो.

पऱ्याच्या टबातले दहाच्या दहा मजेत होते. चांगल्या पाण्यातले मेले.

तिरकस (९ जुलै, रात्री ८:४७)

म्हणजे कारखाना निर्दोष, चांगलं पाणी दोषी?

ईटीपीवाला (९ जुलै, रात्री ८:५५)

चांगलं पाणी कुठलं घेतलं होतं?

खाडीकाठी (९ जुलै, रात्री ९:०१)

आमच्या विहिरीचं. आईने टब अर्धा रिकामा दिसला म्हणून रात्री झोपायच्या आधी दोन कळश्या ताज्या ओतल्या. त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकून गेला होता, पावसाळा सुरू झाला म्हणून.

सूक्ष्मजीवी (९ जुलै, रात्री ९:१५)

सेन्सर उत्तम चालतोय, अभिनंदन! क्लोरीन माशांना अगदी थोडा पुरतो, आपल्याला तेवढा चालतो. पाणी दिवसभर उन्हात उघडं ठेवून मग वापरा.

ईटीपीवाला (९ जुलै, रात्री ९:२०)

किंवा दुकानात हायपोचे खडे मागा, दोन-चार घातले की क्लोरीन मरतो. आणि टबावर झाकण, त्यावर कुलूप. आईंच्या नावाने नोटीस लावून उपयोग नसतो, अनुभव आहे.

निवृत्त_गुरुजी (१० जुलै, सकाळी ७:४०)

चौथं कारण राहिलंच होतं माझ्या यादीत, आई.

खाडीकाठी, यावेळी दोन्ही टब पऱ्यांचेच ठेवा. एक तुमचा, एक शेजारच्या वाडीचा. विहीर मधे आणूच नका. शेजारच्या वाडीचं पाणी कॅनमधून रोज आणावं लागेल, त्याला एखादा पोरगा लावा. शाळेतला असेल तर उत्तम, वही ठेवेल.

खाडीकाठी (१० जुलै, सकाळी ८:०५)

पोरगा मिळाला, आठवीतला आहे, रोजचे दहा रुपये मागतोय. नवीन वीस झेब्रा रविवारी आणतो. दुकानदार विचारत होता किती मोठा अक्वेरियम आहे म्हणून.